आवडीस पुसले

आमच्या शंखगडच्या दफ्तरात एक चाल आहे. समुद्राशी संबंध असलेलं कुठलंही पत्र असो, गलबतं कधी निघायची, पहारा कधी बदलायचा, दारूगोळा कुठल्या दिवशी उतरवायचा, पत्राच्या समासात बारीक अक्षरात दोन शब्द लिहिलेले असतात: 'आवडीस पुसले'. ते असल्याशिवाय कारभाऱ्यांची सही होत नाही. परवा घाटावरून आलेल्या एका शहाण्याने मला विचारलं, ही आवडी म्हणजे इथली ग्रामदेवता का? मी म्हटलं, देवता परवडली, ती नैवेद्य ठेवल्यावर गप्प तरी बसते.

आवडाबाय गाबतीण. गडाखालच्या बंदरावर मासे विकते, आणि खाडीकाठी तिचं एक खाजण आहे, खाऱ्या भाताचं. मी कारकून, जन्माने घाटावरचा, पोटासाठी इथे उतरलो आणि इथलाच झालो. मी मासे घेणारा नव्हे, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तरी मी बंदरावरून गेलो की ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडायची, "भटांनू, बांगडे ताजे असत! घरात सांगा, दर्यातली भाजी हाडलंय म्हणान!" मी मान खाली घालून निघून जायचो. माझी बायको मात्र तिच्याशी तासन्‌तास बोलायची. काय बोलायची ते मी कधी विचारलं नाही.

आमचे कारभारी त्र्यंबकपंत. धाकटे सरकार तेव्हा पाळण्यातून नुकते खाली उतरले होते, म्हणून राज्य पंतांच्या डोक्यावर होतं. माणूस मोठा अक्कलवान. पण घाटावरचा. घोडा, तोफ, तह, रुसवेफुगवे यांतलं त्यांना सगळं कळायचं. समुद्रातलं एवढंच कळायचं की तो खारा असतो.

शेजारी तळेकोटचे हैबतराव दळवी. त्यांची खाडी आमच्या खाडीला लागून, आणि दोन्ही घराण्यांचं तीन पिढ्यांचं वाकडं. त्यांच्या लोकांनी आमचे मचवे लुटायचे, आमच्यांनी त्यांचे. आणि दोघांची भांडणं चालू असताना टोपीकरांची जहाजं खाडीच्या तोंडाशी यायची आणि दोघांचेही मचवे ओढून न्यायची. पंतांनी तीन वर्षं पत्रं लिहून, माणसं पाठवून, दळव्यांच्या मुलीच्या लग्नाला आहेर करून त्यांना इथवर आणलं होतं की आरमार एकत्र राखू, एकाच्या तोंडावर शत्रू आला तर दुसऱ्याने धावायचं. दळवी म्हणाले, तुमची नवी गुराब पाण्यात पडताना डोळ्यांनी बघतो, मग शिक्का करतो. गुराब म्हणजे आमचं मोठं लढाऊ जहाज, दोन डोलकाठ्यांचं, दोन वर्षं जिवू मेस्त तिच्यावर खपत होता. नाव ठरलं होतं अंबिका.

पंतांनी दिवस ठरवला तो दसरा. त्यांच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काय होतं? घाटावर फौजा दसऱ्यालाच निघतात. साडेतीन मुहूर्तांतला एक, त्यातही दुपारचा विजय मुहूर्त. पत्रं मीच लिहिली. चार पत्रं. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की मी स्वतःवर खूश होतो.

भाद्रपदात मी वाजंत्र्यांना सांगायला बंदरावर गेलो. आवडाबाय टोपली घेऊन बसलेली.

"वाजंत्री कित्याक वो भटांनू?"

"दसऱ्याला गुराब पाण्यात सोडणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. शेजारच्या बायकांना काय झालं ते कळेना, त्या नुसतं तिचं हसू बघून हसू लागल्या.

"कुठच्या पाण्यात सोडतालास?" तिने डोळे पुसत विचारलं. "दशमीक भांग असता भटांनू! सगळ्यात कमी पाणी. आणि दुपारच्या येळेक तर पुरी सुकती. तुमचा जहाज चिखलात म्हशी बसतत तसा बसताला!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इथे राहून मला सात वर्षं झाली होती. अवस-पुनवेला उधाण, मग तिथीमागे दोन घटका भरती पुढे सरकते आणि पाणी अष्टमीपासून दशमीपर्यंत अगदी मरगळतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण पत्रं लिहिताना मी घाटावरचा होतो.

पंतांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "दिवस बदलता येणार नाही. मागे दोनदा हा तह मोडला तो दिवस बदलण्यावरूनच. एकदा त्यांनी बदलला, एकदा आपण. आता पत्र फिरवलं तर दळवी म्हणणार, पंतांच्या मनात खोट आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, दळवी समुद्रावरचा माणूस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला आमंत्रण वाचल्या वाचल्या कळलं असणार. तो हसायला येतोय."

आम्ही दोघे गोदीवर गेलो. अंबिका ओंडक्यांवर उभी, आणि तिच्यापासून खाडीच्या खोल पाटापर्यंत साठ पावलं नुसता चिखल. जिवू मेस्ताने कानावरची खडूची कांडी काढली, चिखलाकडे दाखवली आणि परत कानावर ठेवली. "पंतांनू, उधाणाशिवाय ही हलाची नाय. अवसेक सोडतास तर सांगा."

"सर्वपित्रीला? त्या दिवशी आम्ही पितरांना वाढतो मेस्त, जहाजं सोडत नाही."

"मगे दसऱ्याक तुमी ढकला. मी घराकडे जातंय."

आवडाबाय तिथेच होती. चुलीसाठी लाकडाचे कपचे वेचायला ती रोज यायची. वाकलेली तशीच म्हणाली, "अवसेचा पाणी दसऱ्यापर्यंत ठेवा मगे."

पंत वळले. "ठेवा म्हणजे? घागरीत?"

"घागरीत कित्याक? खाजणात ठेवा. बांधाची झडप उघडा, उधाण आत घेवा, झडप लावा. दहा दिवस पाणी खंय जाताला? दसऱ्याक हयला बांध फोडा, सगळा पाणी जहाजाखाली येताला."

जिवू मेस्ताने गोदीकडे बघितलं, गोदीला लागून असलेल्या खाजणाकडे बघितलं, खाडीकडे बघितलं. मग त्याच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. गोदीला लागून एकच खाजण होतं. ते कोणाचं हे आवडाबायला सगळ्यांच्या शेवटी आठवलं.

"माझ्या खाजणात न्हय हां!" ती ओरडली आणि कपचे टाकून घरी गेली.

तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. भात पोटरीतून बाहेर आलेलं, दाणा अजून दुधात. खाऱ्या जमिनीतलं भात थोडा खार सोसतं, पण दहा दिवस समुद्र डोक्यावर घेऊन कुठलंच भात उभं राहत नाही. तिची दोन मुलं गलबतावर, घरात सुना, नातवंडं. वर्षाचं खाणं त्या खाजणात होतं.

दुसऱ्या दिवशी पंत स्वतः गेले. पालखी बांधाशी थांबली, कारण बांध एका माणसापुरताच. पंतांनी जोडे काढले, धोतर वर खोचलं आणि चिखलातून चालत गेले. मागून मी, दौत-लेखणी घेऊन. आवडाबाय बांधाच्या टोकाला बसलेली होती. ती उठली नाही. पंत तिच्यासमोर बांधावरच बसले.

"आवडाबाई, तुमचं भात मला हवंय."

"म्हायत असा."

"त्याच्या बदल्यात गडावरून वर्षभराचं धान्य."

"गडावरचा भात टोके लागलेला असता. माका खारो तांबडो व्हयो. आणि माझ्या सुना मापतल्या, तुमचो कोठावळो न्हय."

"कबूल. शिवाय वरच्या अंगाला इनाम जमीन."

"इनाम नको."

मी इतकी वर्षं दरबारात बसतो, पण इनाम नको म्हणणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पंतांनीही बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. ते म्हणाले, "मग काय हवं?"

तिने खाडीच्या तोंडाकडे हात केला. तिचा आवाज खाली आला. "माझो घोव गडाच्या गलबतार तांडेल व्हतो. तुमच्या अगुदरच्या कारभाऱ्याच्या येळेक. गडावरना हुकूम इलो, अष्टमीक भर दुपारी गलबत काढा. त्येनां सांगल्यान, पाणी नाय. हुकूम म्हणजे हुकूम म्हणाले. थंय, त्या तोंडार, गलबत वाळूत बसला. टोपीकार आरामात इले. बारा जण व्हते. एकपण परत इलो नाय." ती थांबली. मग पंतांकडे बघून म्हणाली, "त्या कारभाऱ्यान कोणाक इचारल्यान? जोशाक. तुमी कोणाक इचारलास? कोणाकच नाय. दर्याची तारीख घालतास तर अगुदर आमका इचारा. जोशाक मगे."

"आमका म्हणजे कोणाला?"

"माका."

पंत जरा ताठ झाले. "कारभाऱ्याने हुकूम काढण्याआधी बंदरावर येऊन एका बाईला विचारायचं?"

"नको तर नको. दळवी येतले तेंका चिखल दाखवा."

पंत तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील. मला स्वतःला राग आलाच होता. तिचा नव्हे, त्या जुन्या हुकमाचा. कारण तो हुकूम मी दफ्तरात वाचला होता. अक्षर त्यातलंही सुरेख होतं. पंत माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा."

मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. आवडाबाय म्हणाली, "वाचून दाखवा. आणि तुमच्या मनातला मधी घालू नकात." मी वाचलं. तिने अंगठा केला, पंतांनी सही केली.

अवसेला गडावर पितरांची पानं वाढली जात होती आणि खाली उधाण चढत होतं. झडप तिनेच उघडली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पाणी आधी चरातून आलं, मग वाफ्यात पसरलं. हिरवी कणसं थोडा वेळ वर दिसत होती, मग दिसेनाशी झाली. ती बांधावर बसून होती. सुना आल्या, जेवायला बोलावून गेल्या. ती गेली नाही. मला तिथे थांबवेना आणि तिथून निघवेना. शेवटी मीही बांधावर बसलो, थोडा लांब. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भटांनू, घराकडे जावा. श्राद्धाचा जेवान थंड जाताला." डोळे पुसले आणि झडप लावली.

पुढचे दहा दिवस जिवू मेस्ताने गोदीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला, चिखलातून पाटापर्यंत चर खणला, ओंडक्यांना चरबी लावली. आवडाबाय रोज येऊन त्याला चुका दाखवायची. तिने एक गोष्ट मात्र कोणाला न विचारता केली. खाजणाच्या वरच्या अंगाला आडवा एक जुना पडका बांध होता, तो तिने आणि सुनांनी ओंजळीओंजळीने माती घालून उंच केला. जिवूने विचारलं, हा कशाला? ती म्हणाली, "तुका काय करूचा असा?"

दसऱ्याला दळवी आले. गोरा, जाडा, मिशाळ माणूस, बरोबर चाळीस माणसं. गोदीवर येऊन त्यांनी समोरचा साठ पावलांचा सुका चिखल पाहिला, त्यावर चालणारे बगळे पाहिले, आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "पंत, आम्ही इरली आणली नाहीत. पाणी वरून येणार आहे काय?"

त्यांची चाळीस माणसं हसली. पंतही हसले. पंतांचं हसू राजकारणातलं असायचं, ते कुठून येतं हे मला कधी समजलं नाही. पण हात मागे बांधलेले होते आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली होती, ती मला दिसत होती.

घटका भरली. जोशीबुवांनी हात वर केला. जिवूच्या माणसांनी खाजणाचा बांध फोडला आणि पाणी असं काही गोदीत शिरलं की दळव्यांची पुढची रांग मागच्या रांगेच्या पायांवर चढली. अंबिका करकरली. मग हलली. मग सरळ उभी राहून डोलायला लागली. लोक ओरडले, ढोल वाजले, जिवूने समोरचा बांध फोडला, आणि पाण्याबरोबर ती चरातून निघाली. दहा पावलं, वीस, तीस.

चाळिसाव्या पावलाला थांबली.

पाणी दोन्ही अंगांनी पाटात वाहून चाललं होतं आणि गुराब मधोमध बसायला लागली होती. ढोलवाल्यांचे हात आपोआप थांबले. दोर ओढणारे गुडघाभर चिखलात रुतून ओरडत होते. दळवी नुसते मिशीवरून हात फिरवत राहिले. तीन वर्षांची पत्रं, मुलीच्या लग्नाचा आहेर, तह, सगळं त्या चिखलात बसत होतं.

तेवढ्यात वरून आवडाबायचा आवाज आला, "मेल्यांनू, बाजूक व्हा!"

ती वरच्या बांधावर कुदळ घेऊन उभी होती. खाजणाचं अर्धं पाणी तिने तिथे अडवून ठेवलं होतं. सुना दोन्ही बाजूंना. तीन कुदळी एकदम पडल्या, आणि दुसरा लोंढा खाली आला. या वेळी चर आधीच पाण्याने भिजून गुळगुळीत झालेला. अंबिका मागून कोणी ढुशी दिल्यासारखी उचलली गेली, उरलेली वीस पावलं सरळ पुढे गेली आणि खोल पाण्यात जाऊन एक गिरकी घेऊन उभी राहिली.

मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो. शेजारी जिवू मेस्त उभा होता, मी त्याला मिठी मारली. विटाळ वगैरे घरी जाऊन आठवलं.

दळवी बराच वेळ गुराबीकडे बघत होते. मग म्हणाले, "भांगाच्या दिवशी. भर सुकतीत. पंत, हे जमतं?"

आणि आमचे पंत, ज्यांचं कपाळ अजून घामाने ओलं होतं, शांतपणे म्हणाले, "मुद्दामच हा दिवस निवडला. उधाणाला काय, कोणीही जहाज सोडतं. शत्रू आपल्याला अडकलेले समजेल त्या दिवशी बाहेर पडता आलं पाहिजे."

कमरेपर्यंत चिखलाने माखलेली आवडाबाय तेवढ्यात तिथे पोचली होती. ती म्हणाली, "पंतांनू, खोटा बोलूक तुमका मुहूर्त लागणा नाय हां!"

दळवी असे हसले की त्यांना कोणीतरी धरावं लागलं. हसतच त्यांनी शिक्का मागवला. मला वाटतं, पंतांच्या थापेने जे झालं नसतं ते त्या हसण्याने झालं. तहात त्यांनी स्वतः एक कलम घालायला लावलं: तळेकोटच्या खाडीतही असंच पाणी साठवायची जागा शंखगडच्या माणसांनी करून द्यावी. 'माणसांनी' असं मी लिहिलं, कारण दळवी तोंडाने म्हणाले होते, "त्या बाईला पाठवा."

दीड वर्षाने टोपीकरांची दोन जहाजं नेमकी भांग साधून तोंडाशी आली. गोदीतलं साठवणीचं पाणी सोडून आमच्या खाडीतून अंबिका बाहेर पडली आणि तळेकोटातून दळव्यांची गुराब. टोपीकरांनी थोडा वेळ दोघांकडे बघितलं आणि शिडं फिरवली. एक गोळासुद्धा उडाला नाही. त्या रात्री बंदरावर मी सोडून सगळे प्यायले.

आवडाबायच्या खाजणातला खार दोन पावसाळ्यांनी धुऊन नेला. गडावरून तिला तांबडा खारा भात पोचत होता, आणि तो कसा निकृष्ट आहे हे ती मला दर आठवड्याला सांगत होती. पण कराराचं कलम पंतांनी पाळलं. समुद्राचं पत्र आलं की मी खाली बंदरावर जायचो, तिथी सांगायचो, ती पाण्याकडे बघायची आणि मासे निवडता निवडता उत्तर द्यायची. पुढे पुढे पंत स्वतः यायला लागले. विचारायचं एकच असायचं, पण बसायचे घटकाभर. तिने त्यांना तिथीवरून पाणी काढायला शिकवलं. चुकले की म्हणायची, "घाटावर जावा, घोडे मोजा."

पंधरा वर्षं अशी गेली. गेल्या वर्षी पंतांनी कारभार सोडला. मोठे झालेले सरकार आता आपलं बघतील, आपण गावी जाऊन गंगेत बुडी मारू, असं म्हणाले. सामान वरच्या बंदरापर्यंत मचव्याने जायचं होतं. शुद्ध प्रतिपदा होती. पत्र लिहायचं म्हणून आम्ही दोघे खाली गेलो.

आवडाबायला आता नीट दिसत नाही, पण ती बसते तिथेच. पंत तिच्यासमोरच्या ओंडक्यावर बसले.

"आवडाबाई, मला जायचंय. उद्या निघू का?"

"उद्या कसली तिथी?"

"द्वितीया."

ती पाण्याकडे तोंड करून बसली. टोपलीत हात होता, पण मासे निवडत नव्हती. मग म्हणाली, "द्वितीयेक पाणी कमी पडता. पुनवेक जावा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. महिन्याभरात अवस-पुनवेच्या दुसऱ्या दिवसासारखं भरगच्च पाणी नसतं, द्वितीयेला तर अगदी काठोकाठ. हे शेंबड्या पोराला ठाऊक. मला ठाऊक. आणि पंतांना तर तिनेच शिकवलेलं.

"द्वितीयेला कमी पडतं म्हणता?" पंतांनी विचारलं.

"पडता."

पंतांनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं."

ते तेरा दिवस राहिले. रोज खाली यायचे. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं, पौर्णिमेचा दिवस घातला, आणि समासात नेहमीप्रमाणे लिहिलं, 'आवडीस पुसले'. पंतांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.